टोलेडो

स्पेनच्या मध्य भागातील इतिहासप्रसिद्ध नगर, याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण आणि कॅस्टील–ला मांचा या स्वायत्त प्रदेशाची राजधानी. स्पॅनिश उच्चार ‘तोलेदो’. लोकसंख्या सु. ८५,००० (२०२१). हे माद्रिदच्या नैर्ऋत्येस सु. ७० किमी.वर, समुद्रसपाटीपासून सु. ५२९ मी. उंचीच्या ग्रॅनाइटी टेकडीवर वसले आहे. टेगस (ताहो) नदीने खोल घळईतून वळसा घेऊन ही टेकडी तीन बाजूंनी वेढली असून, उरलेल्या उत्तर बाजूस तटबंदी आहे. या स्थानामुळे नगरास संरक्षण लाभले. तथापि विस्तारास जागा उरली नाही. परिणामतः प्रत्येक नव्या सत्तेस आधीच्यांच्याच जागेवर आणि पुष्कळदा त्यांचेच खांब व भिंती वापरून बांधकाम करावे लागले. एकाच वास्तूत दोन वा तीन धर्मांच्या खुणा आढळतात, हे टोलेडोचे वैशिष्ट्य होय. १९८६ मध्ये युनेस्कोने जुन्या नगराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

इतिहास : कार्पेतानी या आयबेरियन जमातीचे हे ठाणे इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी रोमनांनी जिंकले. हे ‘टोलेटम’ लहान, पण जागेमुळे दुर्भेद्य असल्याची नोंद लिव्ही या रोमन इतिहासकाराने केली आहे. सहाव्या शतकात ते व्हिसिगॉथ राज्याची राजधानी बनले. ५८९ मध्ये येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेत राजा रेकारेड याने एरियन पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारल्याचे घोषित केले. त्यानंतरच्या परिषदांनी ज्यूंवर उत्तरोत्तर कडक निर्बंध लादले.

आठव्या शतकाच्या आरंभी तारिक इब्न झियाद याच्या सैन्याने नगर घेतले व ते ‘तुलयतुला’ या नावाने ओळखले जाऊ लागले. कॉर्दोव्हाची खिलाफत मोडल्यानंतर अकराव्या शतकात येथे बनू धुन्नून घराण्याचे स्वतंत्र राज्य होते. २५ मे १०८५ रोजी कॅस्टीलचा राजा सहावा अल्फॉन्सो याने टोलेडोचा ताबा घेतला. अरबी भाषा व रीतिरिवाज अंगीकारलेले ख्रिस्ती (मोझारब), मुसलमान आणि ज्यू अशी संमिश्र वस्ती त्याच्या अंमलाखाली आली. पुढील दोन शतके नगराच्या वैभवाची होती. चौदाव्या शतकापासून मात्र वातावरण पालटले. १३९१ च्या दंगलींत ज्यू मोहल्ल्याची अपरिमित हानी झाली. १४४९ मध्ये धर्मांतरित ज्यूंना सार्वजनिक पदांवरून दूर सारणारा ठराव येथेच संमत झाला आणि १४९२ मध्ये धर्मांतरास नकार देणाऱ्या ज्यूंना साऱ्या स्पेनमधून हद्दपार करण्यात आले.

पाचवा चार्ल्स या सम्राटाविरुद्धच्या १५२०–२१ मधील नगरांच्या बंडाचे (कोमुनेरो) टोलेडो हे एक प्रमुख केंद्र होते. बंडाचा येथील नेता ख्वान दे पादिया याचा वध झाल्यावरही त्याची पत्नी मारिआ पाचेको हिने १५२२ च्या प्रारंभापर्यंत नगर लढविले. १५६१ मध्ये दुसरा फिलिप याने दरबार माद्रिदला हलविला आणि टोलेडोचे राजकीय महत्त्व संपुष्टात आले. स्पेनच्या मुख्य आर्चबिशपचे पीठ तेवढे राहिले. नगराचा मध्ययुगीन आराखडा टिकून राहण्यास ही अवनतीच मुख्यतः कारणीभूत झाली.

भाषांतरकार्य : यूरोपीय विद्येच्या इतिहासात टोलेडोचे स्थान मुख्यतः बाराव्या–तेराव्या शतकांतील भाषांतरांमुळे आहे. यास रूढीने ‘टोलेडोचे भाषांतर विद्यालय’ म्हटले जाते. तथापि ते औपचारिक विद्यालय नव्हते. धर्मपीठ आणि पुढे राजदरबार यांच्या आश्रयाने काम करणाऱ्या विद्वानांचा तो सैल समूह होता. कामाची एक पद्धत इब्न सीनाच्या आत्माविषयक ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराच्या प्रस्तावनेवरून कळते. ज्यू विद्वान इब्न दाऊद अरबी मजकूर शब्दशः बोलीभाषेत सांगे आणि दोमिंगो गुंदिसाल्व्हो हा धर्माधिकारी तो लॅटिनमध्ये उतरवून घेई. मुसलमानाचा ग्रंथ, ज्यूची वाणी व ख्रिस्त्याची लेखणी अशी ही साखळी होती. इटलीतील क्रेमोना येथील जेरार्ड (मृ. ११८७) हा टॉलेमीच्या अल्माजेस्टच्या शोधात येथे आला, अरबी शिकला आणि त्याने सत्तरांहून अधिक ग्रंथ भाषांतरित केले. अल्माजेस्ट (११७५), इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ व अल्-ख्वारिज्मीचे बीजगणित हे त्यांपैकी होत.

भारतीय विद्येच्या पश्चिमेकडील प्रवासातही टोलेडो हा महत्त्वाचा टप्पा आहे. येथील काझी साइद अल्-अंदलुसी (मृ. १०७०) याने आपल्या राष्ट्रांविषयीच्या ग्रंथात (१०६८) विज्ञानांची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांत भारतीयांना पहिले स्थान दिले आहे. त्याच्या मंडळात अल्-झर्काली हा उपकरणकार व ज्योतिर्विद होता. या मंडळाने सिद्ध केलेल्या टोलेडो कोष्टकांत भारतीय सिद्धांतग्रंथांवर आधारलेल्या ‘सिंदहिंद’ परंपरेचे अंश आढळतात. टोलेडोतच जन्मलेल्या दहाव्या अल्फॉन्सोच्या आज्ञेने, तो युवराज असताना, कलीला व दिम्ना या अरबी ग्रंथाचे कॅस्टीलियन भाषांतर झाले (सु. १२५१), या ग्रंथाचे मूळ पंचतंत्रात आहे. अल्फॉन्सोच्या कारकीर्दीत (१२५२–८४) यहूदा बेन मोशे व इसाक बेन सिद या ज्यू ज्योतिर्विदांनी टोलेडोचे रेखावृत्त प्रमाण धरून नवी खगोलीय कोष्टके केली. यूरोपात ती सोळाव्या शतकापर्यंत वापरात होती.

प्रेक्षणीय स्थळे : उत्तरेकडून येणारा प्रवासी सामान्यतः बिसाग्रा दरवाज्यातून नगरात प्रवेश करतो. आलोन्सो दे कोव्हारुबिआस याने सोळाव्या शतकात पुनर्रचना केलेल्या या दरवाज्यावर पाचव्या चार्ल्सचे द्विमुखी गरुडाचे भव्य राजचिन्ह आहे. पुढे चढणीवर मुदेहार शैलीतील सूर्यद्वार (प्वेर्ता देल सोल) लागते. ख्रिस्ती अंमलाखाली राहिलेल्या मुसलमानांना ‘मुदेहार’ म्हणत. त्यांच्या कारागिरीतून उद्भवलेली वीटकाम, नालाकृती कमानी व चुनेगच्चीतील नक्षी यांची शैली टोलेडोत सर्वत्र दिसते.

जवळच ‘क्रिस्तो दे ला लुस’ ही लहानशी मशीद आहे. ती ९९९ मध्ये बांधल्याचा विटांतील अरबी लेख दर्शनी भागावर असून, त्यात वास्तुकार मूसा इब्न अली याचे नाव आहे. आतील चार खांबांची शीर्षे व्हिसिगॉथ वास्तूंतून आणलेली आहेत. खांबांमुळे पडलेल्या नऊ चौकोनांपैकी प्रत्येकावरील घुमटीच्या फासळ्यांची रचना निराळी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीला अर्धवर्तुळाकार वेदीकक्ष जोडून तिचे चर्च करण्यात आले. तो जोडही मुदेहार शैलीतच असल्याने सहजी लक्षात येत नाही.

सोकोदोवेर हा नगराचा मुख्य चौक. जनावरांचा बाजार या अर्थाच्या अरबी शब्दांवरून त्याचे नाव पडले. त्याच्या दक्षिणेस सर्वांत उंच जागी आल्काझार हा चौकोनी किल्ला-राजवाडा आहे. पाचव्या चार्ल्ससाठी कोव्हारुबिआस, ख्वान दे एरेरा प्रभृतींनी त्याची पुनर्बांधणी केली. नदीचे पाणी सु. १०० मी. उंचीवरील या वाड्यात चढविण्यासाठी ख्वानेलो तुर्रियानो या क्रेमोनाच्याच यंत्रकाराने १५६९ च्या सुमारास एक जलोत्थापक यंत्र उभारले. यंत्र यशस्वी ठरले. परंतु सर्व पाणी वाड्यालाच मिळते या कारणावरून नगरसभेने ठरलेली रक्कम नाकारली. या यंत्राचे आता अवशेषही जवळजवळ उरलेले नाहीत. यादवी युद्धात २१ जुलै ते २७ सप्टेंबर १९३६ या काळात कर्नल मोस्कार्दो याच्या नेतृत्वाखालील बंडवाल्या सैनिकांनी आल्काझार लढविला. त्यात वास्तू जवळजवळ उद्ध्वस्त झाली आणि फ्रँकोच्या सैन्याने वेढा उठविल्यावर नगरात प्रजासत्ताकवाद्यांची कत्तल झाली. फ्रँकोच्या राजवटीने या वेढ्याचे विजयस्मारक केले. पुढे वास्तूची पुनर्बांधणी झाली व २०१० पासून तेथे सैन्य-संग्रहालय आहे.

नगराच्या मध्यभागी असलेले कॅथीड्रल हे स्पॅनिश गॉथिक वास्तुकलेचे एक श्रेष्ठ उदाहरण. १२२६ मध्ये आर्चबिशप रोद्रीगो हिमेनेस दे रादा याच्या पुढाकाराने प्रमुख मशिदीच्या जागी काम सुरू झाले व १४९३ मध्ये मुख्य वास्तू पूर्ण झाली. लांबी सु. १२० मी. असून आत पाच पाखी आहेत. मूळ मशीद मुसलमानांकडेच राहावी, असे १०८५ च्या शरणागतीच्या वेळी ठरले होते. परंतु राजाच्या गैरहजेरीत राणी व आर्चबिशप यांनी ती ताब्यात घेतली. संतप्त राजाने दोघांना क्षमा करावी, अशी रदबदली अबू वलीद या मुस्लिम धर्मशास्त्रज्ञाने केली, अशी परंपरा आहे. मुख्य वेदीकक्षातील एका खांबावर या धर्मशास्त्रज्ञाची मूर्ती दाखविली जाते. वृंदगान-कक्षातील खालच्या आसनांवर रोद्रीगो आलेमान याने ग्रानाडाच्या युद्धातील प्रसंग कोरले आहेत. वरची आसने आलोन्सो बेरुगेते व फेलीपे बिगार्नी यांची आहेत. वेदीमागील ‘ट्रान्सपरेंते’ (१७३२) ही नार्सीसो तोमे याची बरोक रचना तिच्यासाठी छतात पाडलेल्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पाहावयाची असल्याने दुपारपूर्वीची वेळ सोयीची ठरते. वस्त्रागारात एल ग्रेकोचे ख्रिस्ताच्या वस्त्रहरणाचे चित्र (१५७७–७९) आहे. कार्दिनल सिस्नेरोस याने सोळाव्या शतकाच्या आरंभी स्थापिलेल्या उपमंदिरात प्राचीन मोझारब उपासनाविधी आजही चालतो.

एल ग्रेको (१५४१–१६१४) हा क्रीट बेटावरील चित्रकार १५७७ मध्ये येथे आला व अखेरपर्यंत येथेच राहिला. सांतो तोमे चर्चमधील ‘ओर्गासच्या काउंटचे दफन’ (१५८६–८८) ही त्याची सर्वश्रेष्ठ कलाकृती मानतात. १३२३ मध्ये मृत्यू पावलेल्या दानशूर सरदारास दोन संत स्वहस्ते थडग्यात ठेवीत आहेत, अशी आख्यायिका तीत चित्रित केली आहे. भोवतीचे शोकमग्न चेहरे मात्र चित्रकाराच्या समकालीन टोलेडोवासियांचे असून, पुढील बालक हा त्याचा पुत्र होय. जवळच्या एल ग्रेको संग्रहालयात त्याने काढलेले नगराचे दृश्य व नकाशा यांचे चित्र आहे. ही वास्तू त्याचे प्रत्यक्ष निवासस्थान नव्हे.

जुन्या ज्यू मोहल्ल्यातील दोन सिनॅगॉग (ज्यू प्रार्थनामंदिरे) अवश्य पाहण्याजोगी आहेत. ‘सांता मारिआ ला ब्लांका’ (बारावे–तेरावे शतक) हे पांढऱ्या अष्टकोनी खांबांच्या रांगा व नालाकृती कमानी यांमुळे प्रथमदर्शनी मशिदीसारखे भासते. ख्रिस्ती राज्यात ज्यूंसाठी मुस्लिम शैलीत उभारलेल्या या वास्तूचे पंधराव्या शतकाच्या आरंभी चर्च झाले व तिला मेरीचे नाव मिळाले. दुसरे ‘एल ट्रान्सितो’ हे राजा पहिला पेद्रो याचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधविले. देवनारांचे लाकडी छत व चुनेगच्चीतील नाजूक पर्णनक्षी यांबरोबर भिंतींवर ईश्वर, राजा व खजिनदार यांची स्तुती करणारे हिब्रू लेख आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच राजाने सॅम्युएलला कैद केले व छळात त्याचा अंत झाला. १९६४ मध्ये स्थापन झालेले सेफार्दी (स्पॅनिश ज्यू) संस्कृतीचे संग्रहालय या वास्तूत आहे.

पश्चिमेस ‘सान ख्वान दे लोस रेयेस’ हा मठ फर्डिनंड व इझाबेला यांनी १४७६ मधील तोरोच्या लढाईच्या स्मरणार्थ बांधविला. त्याचा वास्तुकार ख्वान ग्वास. ग्रानाडाच्या युद्धात मुक्त केलेल्या ख्रिस्ती बंदिवानांच्या बेड्या बाहेरील भिंतीवर टांगलेल्या आहेत. नदीवरील आल्कांतारा व सान मार्तीन हे मध्ययुगीन पूल, सान रोमान चर्चमधील व्हिसिगॉथ संग्रहालय आणि सांता क्रूस व तावेरा ही सोळाव्या शतकातील रुग्णालये हीदेखील प्रेक्षणीय आहेत.

कारागिरी व उत्सव : टोलेडोच्या पोलादी तलवारी रोमन काळापासून ख्यातनाम होत्या. तिसऱ्या चार्ल्सने स्थापिलेल्या शस्त्रकारखान्याच्या इमारतींत आता विद्यापीठ आहे. काळ्या केलेल्या पोलादावर सोन्या–चांदीची तार ठोकून नक्षी भरण्याची येथील कला आपल्याकडील कोफ्तगारीशी मिळतीजुळती आहे. हातकाम अद्याप चालते. मात्र दुकानांत यंत्रनिर्मित मालही पुष्कळ असतो. बदाम व साखर यांची ‘माझापान’ ही मिठाई काही मठांतील जोगिणी आजही बनवितात. कॉर्पस क्रिस्ती हा मुख्य उत्सव मे अखेरीस वा जूनमध्ये येतो. त्या वेळी रस्त्यांवर चांदवे बांधून व सुगंधी वनस्पती पसरून, एन्रिके दे आर्फे याने घडविलेल्या सोन्या–चांदीच्या मखराची (१५१५–२४) मिरवणूक निघते.

प्रवास व सद्यःस्थिती : २००५ पासून माद्रिदहून जलद रेल्वेने सु. अर्ध्या तासात येथे पोहोचता येते. मुदेहार शैलीचे अनुकरण करणारे रेल्वेस्थानक (१९१९) स्वतःच प्रेक्षणीय आहे. गल्ल्या अरुंद व चढणीच्या असल्याने नगर पायी पाहणेच इष्ट. उत्तर बाजूस चढणीसाठी सरकते जिने आहेत. उन्हाळा अतिशय कडक असल्याने वसंत व शरद हे ऋतू अनुकूल होत. नदीपलीकडील दक्षिण तीरावरील रस्त्यावरून नगराचे समग्र दर्शन घडते. बहुसंख्य प्रवासी संध्याकाळी माद्रिदला परततात. मुक्काम करणाऱ्यास रात्री व पहाटे निर्जन गल्ल्यांतून हिंडता येते. ही निर्जनता मात्र एका समस्येचेही द्योतक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रहिवासी तटाबाहेरील नव्या वसाहतींत गेले आणि अनेक जुनी घरे प्रवाशांच्या उपयोगाची झाली. नदीचीही स्थिती चिंताजनक आहे. माद्रिदकडून येणारे सांडपाणी, तसेच १९७९ पासून तिचे पाणी आग्नेय स्पेनकडे वळविले जाणे, यांमुळे ती क्षीण झाली. प्रदूषणापायी १९७२ मध्ये येथे पोहण्यास बंदी घालण्यात आली.

पर्यटनविषयक साहित्यात टोलेडोचा उल्लेख ‘तीन संस्कृतींचे नगर’ असा केला जातो. ग्रंथ व वास्तू यांच्या बाबतीत तो सार्थ आहे. तथापि हे सहजीवन समतेवर नव्हे, तर सत्ताधाऱ्यांच्या गरजेवर व मर्जीवर अवलंबून होते आणि ती मर्जी फिरताच संपुष्टात आले. हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा स्पेनने २०१५ मध्ये केला. त्याखालील अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. ज्यांनी बांधली त्यांच्या पश्चात उरलेली सांता मारिआ ला ब्लांकासारखी वास्तू पाहताना टोलेडोच्या इतिहासाच्या या दोन्ही बाजू एकत्रितपणे ध्यानात घेणे आवश्यक आहे.