गारपिटीनंतरचा पहिला आठवडा

बियाणे, खते व औषधे यांविषयी कृषि खात्याच्या पत्रिकांतून वारंवार लिहिले जाते. पीक डोळ्यांदेखत गेल्यावर शेतकऱ्याच्या मनाचे काय होते व ते पुन्हा कसे सावरते, याविषयी मात्र आम्ही अधिकारी मंडळी क्वचितच बोलतो. म्हणून एका गावातील हकीकत येथे देत आहे.

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात गारपीट झाली. काढणीस आलेला गहू व हरभरा, उभी ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे यांपैकी काहीच तिने सोडले नाही. मी त्या वेळी नुकताच सेवेत रुजू झालो होतो आणि तलाठी व ग्रामसेवक यांच्यासह पंचनाम्यांसाठी सोलापूर जिल्ह्यात हिंडत होतो. एका गावी एका शेतकऱ्याची दोन एकर डाळिंबाची बाग होती. हस्त बहाराची फळे आठ-दहा दिवसांत तोडावयाची होती. व्यापारी बाग पाहूनही गेला होता. गारांनी फळे फुटून झाडांखाली सडा पडला होता व फांद्यांच्या साली सोलून निघाल्या होत्या. ते गृहस्थ बांधावर बसून होते. मोडक्या फांद्या कशा छाटाव्यात, बोर्डो पेस्ट कशी लावावी, हे मी त्यांना उत्साहाने सांगू लागलो. ते मान हलवीत होते. त्यांतील एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता, हे मला परतीच्या वाटेवर उमगले. सल्ला शास्त्रशुद्ध होता, वेळ चुकली होती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यांच्या मातोश्री ओसरीवर बसल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात या बाईंनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तांबड्या मिलोच्या भाकरीवर व मुलांना मिळणाऱ्या सुकडीवर त्यांच्या घराने दिवस काढले होते. मुलाने दोन दिवस अन्न घेतले नव्हते. मला वाटले, आता त्या दुष्काळाच्या गोष्टी सांगून मुलाला धीर देतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “आज एक ओळ झाडून काढ. बाकीच्या बागेकडं बघू नको.”

त्या दिवशी एका ओळीतील फुटकी फळे गोळा होऊन बागेबाहेरील खड्ड्यात पुरली गेली. काम दोन-अडीच तासांचे; पण सायंकाळी ते गृहस्थ जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मला पेस्टचे प्रमाण विचारले. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करावयाचे. मिश्रणात विळ्याचे पाते क्षणभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी. गारांच्या जखमांतून तेल्या रोगाचे जंतू शिरतात, म्हणून हे काम लांबवून चालत नाही. रोज एक ओळ याप्रमाणे आरंभ झाला; पुढे भावकीतील दोघे मदतीस आले, तेव्हा दिवसाला तीन-तीन ओळी होऊ लागल्या.

मनाचा खंबीरपणा उपजत असतो असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या पाहण्यात तसे आलेले नाही. अरिष्ट कोसळले म्हणजे आपल्या हाती काहीच उरले नाही असे माणसास वाटू लागते. अशा वेळी संध्याकाळपर्यंत पुरे होईल एवढे काम हाती आले की मनाला पहिला टेकू मिळतो. त्या बाईंनी ही रीत बहुधा खडीच्या ढिगाऱ्यापाशीच शिकून घेतली असावी.

दुसरा टेकू हिशेबाचा. आपले देणे नेमके किती, हे त्या गृहस्थांनाही सांगता येईना. सोसायटी, बँक, औषधांचे दुकान व मेहुणे, असे ते चार ठिकाणी विखुरले होते आणि रात्री झोपेत ते वाढत असे. शेवटी पती-पत्नींनी एका रात्री बसून ते कागदावर उतरविले. रक्कम काही कमी झाली नाही; कोणाचे आधी व कोणाचे मागून द्यावयाचे, हे मात्र ठरले. नैसर्गिक आपत्तीत अल्प मुदतीच्या पीककर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर होऊ शकते, हेही त्यांना तेव्हाच कळले. पत्नीला कर्जाचा आकडा प्रथमच समजला होता. तो आधी का सांगितला नाही, म्हणून ती रागावली. तो राग मला रास्तच वाटला.

धीराच्या गोष्टींनी कर्ज फिटत नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. मदत मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि पंचनामा रखडवून त्याला मनोधैर्याचा उपदेश करणे कोणाही कर्मचाऱ्यास शोभत नाही.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या मित्रांस एक विशेष विनंती आहे. एखादा शेतकरी लोकांना टाळू लागला, त्याची झोप उडाली, दारू वाढली किंवा ‘आता माझे काय राहिले’ असे तो बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. मनात जीव देण्याचे विचार येतात काय, असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार बळावत नाहीत. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. यामुळे अनेक जीव वाचतात, कारण तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. ग्रामीण रुग्णालयात त्याला सोबत घेऊन जावे. १४४१६ हा टेलि-मानसचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून त्यावर मराठीतही बोलता येते.

त्या बागेस पुढचा मृग बहार धरला नाही. झाडांना विश्रांती दिली. आता ते गृहस्थ सर्व भार बागेवर टाकीत नाहीत. घरापुरती अर्धा एकर ज्वारी असते, दारात चार शेळ्या असतात. गेल्या वर्षी त्यांनी मला ओळींची नोंद केलेली ती जुनी वही दाखविली. पहिल्या पानावर एवढेच होते : ओळ पहिली, मोडकी झाडे ३, मेलेले एकही नाही.