तिकिटावर नाव एकाचं, सर्व्हर दुसऱ्याचा

काकू पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाली होती, लेकीकडे, दुबईला. मुंबई विमानतळावरून तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात बोर्डिंग पास. मी लगेच फोन लावला.

"काकू, तो फोटो डिलीट कर आधी."

"का रे? वडापावची किंमत कळेल म्हणून?"

"वडापावचं राहू दे. पास दिसतोय."

"मग? माझं नावच तर आहे त्यावर."

नाव असतंच, पण नावाशेजारी सहा अक्षरं-अंकांचा एक कोडही असतो. तो म्हणजे पीएनआर. बहुतेक विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर हा कोड आणि आडनाव टाकलं की बुकिंग उघडतं. म्हणजे बँकेच्या खात्याला जो पासवर्ड म्हणतात, तो इथे कागदावर छापून प्रवाशाच्या हातात देतात, आणि प्रवासी तो फोटोत मिरवतो. कोडवर अंगठा ठेवून फोटो काढला तरी शेजारच्या बारकोडमध्ये नाव, पीएनआर सगळं असतंच, आणि तो वाचणारी ॲप फुकट मिळतात.

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अबॉट यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर असाच एक फोटो टाकला होता. संगणक सुरक्षेत रस असलेल्या एका तरुणाने त्यावरचा कोड क्वांटासच्या वेबसाइटवर टाकला. पडद्यावर विशेष काही दिसलं नाही. मग त्याने ब्राउजरमध्ये त्या पानामागचा कोड उघडून पाहिला, तर त्यात माजी पंतप्रधानांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर. त्याने रीतसर सरकारला आणि कंपनीला कळवलं, क्वांटासने चूक दुरुस्त केली, आणि पुढे अबॉट यांनी स्वतःच त्याला फोन करून हे सगळं असतं तरी कसं, अशी चौकशी केली.

काकूला ही गोष्ट सांगितली तर तिने माझी पंचाईत केली. "मग यात त्यातल्या त्यात चांगली कंपनी कोणती ते सांग. येताना तिचंच तिकीट काढते."

तिकिटाचे दर शेजारी शेजारी ठेवणाऱ्या वेबसाइट ढिगाने आहेत. उशिराच्या उड्डाणांची टक्केवारीही आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला जाहीर करतं. पण प्रवाशाची माहिती कोण किती जपतं, याची तुलना कुठे बघायची?

तशी तुलना विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्या एखाद्या विमान कंपनीला शंभरपैकी गुण देतात किंवा परीक्षेसारखी श्रेणी देतात. हे गुण बव्हंशी बाहेरून पाहून दिलेले असतात. वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीत आहे का, इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर जुनं सॉफ्टवेअर चालतंय का, नको ती दारं उघडी आहेत का, कंपनीच्या नावाने खोटे ईमेल पाठवता येतात का, असं सगळं. हे निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला दारावरची कडी नीट लावता येत नाही, त्याच्या तिजोरीबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. पण उलटं खरं नसतं. कडी चकचकीत आहे म्हणून आत सगळं आलबेल असेल, असं नाही. आणि विमान कंपन्यांच्या बाबतीत मुळात तिजोरी त्यांच्या घरात असतेच असं नाही.

काकूचं बुकिंग जिथे नोंदलं जातं, त्या यंत्रणेला 'पॅसेंजर सर्व्हिस सिस्टीम' म्हणतात. आरक्षण, चेक-इन, सीट, सामान, सगळं तिच्यावर चालतं. जगात ही यंत्रणा पुरवणारे मोजकेच आहेत. माद्रिदची अमेडियस, टेक्ससची सेबर, जिनिव्हाची सीता आणि आणखी काही. आपल्याकडे इंडिगो आणि अकासा एकमेकींशी भाड्यावरून कितीही भांडोत, दोघींची आरक्षणं नॅव्हिटेअरच्या यंत्रणेवर चालतात, आणि नॅव्हिटेअर अमेडियसच्या मालकीची आहे. विमानाच्या शेपटीवरचा रंग बघून आपण कंपनी निवडतो, माहिती मात्र दोन्हीकडून एकाच घरी जाऊ शकते.

याचा अर्थ काय होतो, ते २०२१ मध्ये कळलं. सीता ही १९४९ मध्ये विमान कंपन्यांनीच मिळून काढलेली संस्था. २०२१ च्या फेब्रुवारीत तिच्या सर्व्हरमध्ये चोर शिरल्याचं उघड झालं. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती त्यात गेली. नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील, तिकिटं, काहींच्या क्रेडिट कार्डांचे तपशील. २६ ऑगस्ट २०११ पासून ३ फेब्रुवारी २०२१ पर्यंतची, म्हणजे जवळजवळ साडेनऊ वर्षांची नोंद. कार्डामागचे तीन अंक त्यात नव्हते, एवढंच समाधान. कार्ड बदलून मिळतं. जन्मतारीख बदलून मिळत नाही.

त्याच चोरीत सिंगापूर एअरलाइन्सचंही नाव आलं. त्यांच्या सुमारे ५ लाख ८० हजार सदस्यांची माहिती गेली. पण गेलं काय? सदस्य क्रमांक, सदस्यत्वाचा दर्जा आणि काहींची नावं. बस. सिंगापूर एअरलाइन्सची आरक्षणं सीताकडे नव्हतीच. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या गटात आहेत, आणि एकाच्या सदस्याला दुसऱ्याच्या लाउंजमध्ये बसू द्यायचं तर त्याचा दर्जा कळायला हवा, म्हणून तेवढाच तपशील तिकडे गेलेला होता.

मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात शिकवणारी तुलना हीच. चोर एक, सर्व्हर एकाच पुरवठादाराचे, आणि तरी एका कंपनीच्या प्रवाशाचा पासपोर्ट गेला आणि दुसरीच्या प्रवाशाचं जवळजवळ 'गोल्ड की सिल्व्हर' एवढंच गेलं. हा फरक कोणत्याही फायरवॉलने पाडलेला नाही. कोणाकडे काय ठेवलं होतं आणि किती वर्षं ठेवलं होतं, त्याने पाडला. नऊ वर्षांपूर्वी कोणी चेन्नईला गेला होता, त्याची जन्मतारीख कशाला सांभाळून ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

तुलनेची दुसरी पद्धत दंडाची. कोणाला किती दंड झाला ते बघा आणि क्रम लावा. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून ब्रिटिश एअरवेज आणि हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक शेजारी ठेवून पाहू. दोघींना दंड करणारा ब्रिटिश माहिती आयुक्त एकच, निकालही २०२० या एकाच वर्षातले.

ब्रिटिश एअरवेजमध्ये चोर शिरला तो २२ जून २०१८ रोजी, विमानतळावर कामं करणाऱ्या एका कंत्राटी कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून. त्या लॉगिनला पासवर्डपलीकडे दुसरी खात्री, म्हणजे ओटीपीसारखं काही, नव्हतं. आत हिंडताना त्याला मुख्य ॲडमिनचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवलेला सापडला. पुढे त्याने कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका फाइलला २२ ओळींचा कोड चिकटवला. प्रवाशाने कार्डाची माहिती भरून बटण दाबलं की पैसे रीतसर कंपनीला जात, तिकीट रीतसर मिळे, आणि त्याच क्षणी कार्डाच्या तपशिलाची एक प्रत 'बीएवेज डॉट कॉम' नावाच्या पत्त्यावर जाई. नाव बघा, पटकन कंपनीचंच वाटावं असं. ५ सप्टेंबरला बाहेरच्या कोणीतरी सांगितलं तेव्हा कंपनीला हे कळलं. एकूण सुमारे ४ लाख ३० हजार जणांची माहिती यात उघडी पडली असावी.

कॅथेमध्ये चोर ऑक्टोबर २०१४ पासून मे २०१८ पर्यंत येऊन-जाऊन होते. जगभरातल्या ९४ लाख प्रवाशांची माहिती त्यांच्या हाती लागली. आयुक्तांच्या तपासात निघालं की इंटरनेटला जोडलेल्या एका सर्व्हरमधली फट २००७ पासून जगजाहीर होती, तिचं ठिगळही उपलब्ध होतं, पण दहा वर्षांत ते कोणी लावलं नव्हतं. बॅकअपच्या फाइलींना पासवर्डही नव्हता.

आता दंड. ब्रिटिश एअरवेजला २ कोटी पौंड. कॅथेला ५ लाख पौंड. चाळीसपट फरक, आणि तोही उलट्या दिशेने वाटावा असा. कारण एवढंच की युरोपचा नवा माहिती संरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. कॅथेचं प्रकरण त्याच्या आधीचं, म्हणून १९९८ च्या जुन्या कायद्यात बसलं, आणि त्या कायद्यात ५ लाख हीच कमाल मर्यादा होती. ब्रिटिश एअरवेजचा चोर नव्या कायद्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी शिरला. शिवाय २०१९ मध्ये आयुक्तांनी जो दंड प्रस्तावित केला होता तो १८ कोटी ३३ लाख ९० हजार पौंडांचा होता. कंपनीची बाजू ऐकून, तिने केलेलं सहकार्य धरून आणि शेवटी कोविडचा विचार करून तो २ कोटींवर आला. तेव्हा दंडाच्या आकड्यावरून हलगर्जीपणा मोजायला जाणं म्हणजे कॅलेंडर वाचण्यासारखं आहे.

तारखांचा खरा उपयोग वेगळाच आहे. कंपनीला कळलं कधी आणि तिने प्रवाशाला सांगितलं कधी? ब्रिटिश एअरवेजने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. कॅथेला मार्च २०१८ मध्ये संशय आला, मे महिन्यात खात्री झाली, आणि जगाला कळलं २४ ऑक्टोबरला. एअर इंडियाला सीताकडून पहिली सूचना २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाली, कोणाकोणाची माहिती गेली याच्या याद्या २५ मार्च आणि ५ एप्रिलला मिळाल्या, आणि सविस्तर ईमेल प्रवाशांच्या हाती पडला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्याकोऱ्या अकासाच्या नोंदणीच्या पानात चूक निघाली आणि काही प्रवाशांची नावं, ईमेल, फोन नंबर उघडे पडले. तिने तीन-चार दिवसांत स्वतःहून जाहीर केलं आणि सरकारलाही कळवलं. चूक तिचीही होतीच. पण या एका मोजपट्टीवर सगळ्यात नवी कंपनी कॅथे आणि एअर इंडिया या जुन्याजाणत्यांच्या पुढे आहे, हे मान्य करावं लागतं.

नियमांची गर्दी आता बरीच झाली आहे. आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश असा की सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत सरकारला कळवायची. युरोपात ही मुदत ७२ तासांची. वाचून छाती फुगते, पण हे ६ तास सरकारला सांगण्याचे आहेत, काकूला सांगण्याचे नव्हेत. प्रवाशाला सांगायची सक्ती २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आली, दंडाची मर्यादाही २५० कोटी रुपयांपर्यंत नेली, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची सवलत आहे. युरोपात विमान कंपन्यांसाठी माहिती सुरक्षेचे स्वतंत्र नियम २२ फेब्रुवारी २०२६ पासून. पैसे भरण्याच्या पानावर कोणकोणता कोड चालतो याची यादी ठेवा, हा कार्ड कंपन्यांचा नियम ३१ मार्च २०२५ पासून सक्तीचा झाला. ते २२ ओळींचं प्रकरण होऊन तोवर साडेसहा वर्षं उलटली होती. नियम नेहमी मागच्या चोरीचा असतो, त्यामुळे 'आम्ही सर्व नियम पाळतो' हे वाक्य खरं असूनही फार काही सांगत नाही.

माहिती राहू दे, उड्डाण तरी होईल ना, असं विचारणारेही असतात. तिथे तुलना करायला १९ जुलै २०२४ हा दिवस फार चांगला आहे. हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. ते सॉफ्टवेअर कंपन्यांनी सुरक्षेसाठीच बसवलेलं होतं, हा त्यातला विनोद. आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी चक्क पेनने बोर्डिंग पास लिहिले. नाव, उड्डाण क्रमांक, सीट, सगळं निळ्या शाईत. त्या पासचे फोटो लोकांनी हौसेने टाकले, आणि त्यांवर बारकोड नव्हता, त्यामुळे त्या बाबतीत ते छापील पासपेक्षा बरेच म्हणायचे. अमेरिकेत एकाच सकाळी अनेक कंपन्या बंद पडल्या. इतर दोन-तीन दिवसांत सावरल्या. डेल्टाला पाच दिवस लागले आणि तिची सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द झाली, कारण कोणता वैमानिक आणि कर्मचारी कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी तिची यंत्रणा काही केल्या ताळ्यावर येईना.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॉलिन्स एअरोस्पेसच्या चेक-इन सॉफ्टवेअरवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. हीथ्रो, ब्रुसेल्स, बर्लिन एकदम अडकले. ब्रुसेल्सने तर कंपन्यांना सोमवारची निम्मी उड्डाणं रद्द करायला सांगितलं. ब्रिटिश एअरवेजचं काम मात्र पर्यायी यंत्रणेवर चालू राहिल्याच्या बातम्या होत्या. दंडाच्या यादीत वर असलेली कंपनी या यादीत बरी ठरली.

काकूला मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी सांगितलं की गुण-बिण राहू देत, तू ज्या कंपनीने गेलीस तिला एक ईमेल कर. माझा पासपोर्ट क्रमांक तुमच्याकडे आणि तुमच्या पुरवठादारांकडे किती वर्षं राहणार, एवढंच विचार. काय उत्तर येतं, किती दिवसांनी येतं, त्यावरून काय ते ठरव.

काकू पोस्टात नोकरी केलेली बाई आहे, अर्ज लिहिण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिने सात ओळींचा ईमेल लिहिला. अकराव्या दिवशी उत्तर आलं. आपल्या विनंतीबद्दल आभार, आपली गोपनीयता आमच्यासाठी सर्वोच्च आहे, वगैरे. पुढे लिहिलं होतं की आपली ओळख पटवण्यासाठी कृपया पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत या ईमेलला जोडून पाठवावी.