प्रोस्टेट कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचा विकृतिशास्त्रीय अहवाल आणि पुनरुद्भवाचे पूर्वानुमान

प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील पुरुषांचा रोग होय. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असल्यास संपूर्ण ग्रंथी शुक्राशयांसह काढून टाकणे हा एक प्रस्थापित उपचार आहे. तथापि ग्रंथी गेली म्हणजे रोग गेला, असे निश्चयाने म्हणता येत नाही. काढलेल्या ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीतून पुनरुद्भवाची शक्यता कशी जोखली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुनरुद्भव प्रथम रक्तात दिसतो. पीएसए हे प्रथिन मुख्यतः याच ग्रंथीत तयार होत असल्याने शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ते जवळजवळ नाहीसे व्हावयास हवे. ते दर मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम वा अधिक झाले व फेरतपासणीतही तसेच आढळले, तर त्यास सामान्यतः 'जैवरासायनिक पुनरुद्भव' म्हणतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे शस्त्रक्रिया झालेल्या १९९७ पुरुषांचा (हा आकडा रुग्णांचा, वर्षाचा नव्हे) अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३१५ जणांत, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांत, पीएसए पुन्हा वाढले. मात्र पीएसए वाढल्यापासून रोग शरीरात अन्यत्र पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यक काळ ८ वर्षांचा होता. या प्रदीर्घ अवधीमुळेच कोणावर तातडीने उपचार करावेत आणि कोणास निष्कारण त्रास देऊ नये, हा प्रश्न बिकट होतो.

अहवालातील सर्वांत वजनदार नोंद ग्लीसन श्रेणीची. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९६६ साली ही पद्धती मांडली. तिचे वेगळेपण असे की, ती एकेका पेशीच्या रूपाकडे न पाहता पेशींनी रचलेल्या नलिकांच्या घडणीकडे पाहते. घडण सुटी व रेखीव असेल तर आकडा लहान. नलिका परस्परांत मिसळल्या की ४. रचनाच उरली नाही की ५. सर्वाधिक आढळणारा नमुना आधी व त्याखालोखालचा नंतर लिहून बेरीज केली जाते. म्हणूनच ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ असली तरी दुसऱ्यात पुनरुद्भवाचा धोका स्पष्टपणे अधिक असतो. येथे एक व्यावहारिक विसंगती नमूद करावीशी वाटते. आज प्रत्यक्षात ६ हीच नीचतम बेरीज मानली जाते. पण दहापैकी ६ हा आकडा वाचून रुग्ण उगाच धास्तावतो. २०१४ मध्ये स्वीकारलेल्या १ ते ५ या श्रेणीगटांनी हा गोंधळ बराच दूर केला. चौथ्या नमुन्यातील चाळणीसारखी छिद्रयुक्त रचना, तसेच नलिकांच्या आत वाढणारा कर्करोग, या नोंदीही आता प्रतिकूल समजल्या जातात.

दुसरी बाब रोगाच्या व्याप्तीची. रोग ग्रंथीबाहेरच्या मेदात शिरला असल्यास तो टप्पा ३अ, शुक्राशयात शिरला असल्यास ३ब. शुक्राशयातील शिरकाव आणि लसीकाग्रंथींतील प्रादुर्भाव हे दोन्ही गंभीर संकेत होत.

याहून अधिक गैरसमज कडांविषयी आढळतो. काढलेल्या ग्रंथीच्या पृष्ठभागास शाई लावून मग तिचे पातळ काप घेतात. कर्कपेशी शाईला भिडलेल्या दिसल्या तर कड 'सकारात्मक' ठरते. हा शब्द फसवा आहे, कारण रुग्णाच्या दृष्टीने ही वार्ता चांगली नव्हे. रोग ग्रंथीबाहेर गेलेला असूनही कड स्वच्छ असू शकते. उलट रोग आतच असताना शल्यकाची सुरी ग्रंथीत शिरल्यास कड सकारात्मक येते. श्रेणी हा रोगाचा स्वभाव असतो; कडेवर मात्र शल्यकाच्या कौशल्याचाही प्रभाव पडतो. शिवाय सकारात्मक कड असलेल्या अनेकांना पुनरुद्भव होतच नाही. कडेवरील स्पर्शाची लांबी किती मिलिमीटर आणि त्या जागी श्रेणी कोणती, यावर बरेच अवलंबून असते. या दोन नोंदी नसलेला अहवाल प्रस्तुत लेखकाच्या मते अपुरा होय.

कोणतीही एक नोंद सुटी वाचणे योग्य नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कॅप्रा-एस या गुणांकनात शस्त्रक्रियापूर्व पीएसए व ग्लीसन बेरीज यांना प्रत्येकी कमाल ३, सकारात्मक कड व शुक्राशयातील शिरकाव यांना प्रत्येकी २, तर ग्रंथीबाहेरील विस्तार व लसीकाग्रंथी यांना प्रत्येकी १ गुण आहे. एकूण १२ पैकी २ पर्यंत धोका अल्प, ३ ते ५ मध्यम आणि ६ पासून पुढे उच्च मानतात.

पूर्वी टप्पा ३ किंवा सकारात्मक कड दिसताच किरणोपचार द्यावेत, असा कल होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तीन यादृच्छिक चाचण्यांनी व त्यांच्या एकत्रित विश्लेषणाने त्यास मुरड घातली. नियमित पीएसए तपासून ते वाढू लागताच किरणोपचार दिल्यास बहुतेकांच्या बाबतीत परिणाम तितकाच चांगला राहतो, आणि अनेकांना मूत्रमार्गाचे दुष्परिणाम टळतात. मात्र उच्च श्रेणीचे तसेच लसीकाग्रंथी बाधित झालेले रुग्ण या चाचण्यांत थोडेच होते. त्यामुळे ४ किंवा ५ श्रेणीगट आणि टप्पा ३ एकत्र आढळल्यास लवकर किरणोपचार द्यावेत काय, याचा विचार आजही रुग्णागणिक स्वतंत्रपणे करावा लागतो.