पाठीमागची बाजू

मासिकाच्या गुळगुळीत पानावर एक तरुणी उभी असते. मागे नदी, पूल, जुन्या इमारती. अंगात झोकदार जाकीट आणि चेहऱ्यावर जगाची फिकीर नसल्याचा भाव. आपण पान उलटतो आणि विसरून जातो. त्या एका छायाचित्रासाठी किती माणसे पहाटे तीनला उठलेली असतात, हे दाखवणे हा माझा धंदा. फॅशनची छायाचित्रे काढणे चालू असताना ती कशी काढली जातात, याचेच चित्रण मी करतो. आमच्या बोलीत त्याला 'मेकिंग' म्हणतात.

परदेशातले काम म्हटले की लोकांना मौज वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात होते विमानतळावर, कस्टमच्या टेबलापाशी. प्रत्येक कॅमेऱ्याचा, भिंगाचा क्रमांक यादीत लिहून शिक्का घ्यायचा. नाहीतर परतताना आपल्याच सामानावर जकात भरण्याची पाळी! सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या पिशवीत, कारण त्या विमानाच्या पोटात ठेवू देत नाहीत.

असेच एक काम पॅरिसला होते, जून महिन्यात. तिथे तेव्हा पावणेसहाच्या सुमारास उजाडते आणि रात्री दहाच्या आसपास सूर्य मावळतो. दुपारचे ऊन चेहऱ्यावर कठोर सावल्या पाडते, म्हणून खरे काम सकाळ-संध्याकाळच्या दोन-दोन तासांत. मधला सारा दिवस वाट पाहण्यात. अंक थंडीतला, म्हणून भर उन्हाळ्यात मुलीच्या अंगात जाड जाकीट. एक जण वाफेची इस्त्री घेऊन पळतो, दुसरा रुपेरी परावर्तक धरून हात दुखेपर्यंत उभा. बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी, कारण बूट उसने आणलेले. आणि खरी गंमत पाठीमागे. कपडा पुढून चापून बसावा म्हणून मागून तो चिमट्यांनी आवळलेला असतो. छायाचित्रात पाठ येत नाही, मेकिंगमध्ये येते.

त्या जाकिटांवर वारली चित्रे होती. पुढे दोन झाडे आणि पाठीवर तारपा नाच.

वारली चित्रांना पॅरिस नवे नाही. १९८९ साली तिथल्या पाँपिदू केंद्राने भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे होती. त्याआधी, सत्तरच्या दशकात, भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीमुळे ही कला भिंतीवरून कागदावर आली. मुळात ती बायकांची. कुडाच्या भिंतीवर गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचा कुंचला आणि निमित्त लग्नाचे. चौक लिहायचा तो सवाशिणींनी. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली.

आमची फिल्म तयार झाली. शेवटच्या नामावलीत इस्त्रीवाल्याचे नाव होते, चहा आणणाऱ्या मुलाचेही होते. जाकिटे रंगवली कुणी, ते मात्र नव्हते. विचारले तर उत्तर आले, "गावाकडची कारागीर माणसं, नावं कोण लिहून ठेवतो?"

मध्यस्थांना विचारत विचारत मी सूर्यमाळला पोचलो. मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला, डोंगरमाथ्यावरचे हे थंड हवेचे गाव. पावसाळ्यात इथे धुके आणि धबधबे पाहायला शहरातली माणसे येतात. नागली-वरईची खळी आटोपून दिवाळी झाली, की गावातली कितीतरी माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जायला निघतात. ज्या बाईंनी जाकिटे रंगवली, त्यांना त्या वर्षी भट्टीवर जावे लागले नव्हते, एवढे या कामाने केले होते. ते कमी नाही. कापडावर तांदळाचे पीठ टिकत नाही, म्हणून रंग बाजारचा. काडी मात्र बांबूचीच.

ओटीवर बसून मी त्यांना फिल्म दाखवली. नदी, पूल, ती सुंदर मुलगी, सारे त्यांनी शांतपणे पाहिले. मुलगी वळली, पाठ दिसली आणि त्या म्हणाल्या, "थांबव, दादा." पडद्यावर बोट ठेवून त्या मोजू लागल्या. सात-आठ आकृत्यांनंतर बोट अडले.

"नाचणारी चिमट्यात धरलीत की! आणि तारपेवाला कुठं गेला?"

तारपेवाला घडीत गेला होता. या नाचात वाजवणारा मधोमध असतो, त्याच्याभोवती सारे फिरतात आणि तारप्याकडे कुणी पाठ करायची नसते. पुढची झाडे त्यांच्या मुलीने रंगवली होती. नाच त्यांनी स्वतः, चार दिवस बसून.

त्यांची तक्रार नव्हती. पैसे मिळाले होते. पण पडद्यामागचे सारे दाखवतो म्हणणारी फिल्म विमानतळापासून सुरू होते, हे मला तिथे खटकले. कपड्याचे मेकिंग कितीतरी आधी, त्या ओटीवर सुरू झालेले असते.

तेव्हापासून काम घेताना मी एक अट घालतो: चित्रण कपडा रंगतो तिथून सुरू होईल आणि रंगवणाऱ्याचे नाव नामावलीत येईल. या अटीपायी दोन कामे हातची गेली, एक मिळाले. त्याची नामावली मी बाईंना वाचून दाखवली. त्यांनी आपले नाव ऐकले आणि विचारले, "आणि मुलीचं?"

तेही घातले.