अंकीय संगीताची खरेदी : मेमरी कार्डापासून संग्रहापर्यंत

ध्वनिमुद्रणाची संचिका, म्हणजेच फाइल, मूल्य देऊन स्वतःच्या साधनावर कायमची उतरवून घेणे, ही अंकीय संगीताच्या खरेदीची व्याख्या होय. ॲपवर मासिक वर्गणी भरून ऐकलेले गाणे या व्याख्येत बसत नाही. तेथे श्रोत्याला मिळतो तो केवळ मुदतीचा परवाना. मध्य रेल्वेवर कल्याणपुढे वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत संचिकांचा हा व्यवहार इंटरनेटवरील भांडारांपेक्षा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतूनच अधिक वाढला.

त्यामागील तंत्र थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला 44,100 नमुने नोंदलेले असतात. प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि वाहिन्या दोन, त्यामुळे पाच मिनिटांचे गाणे सुमारे 53 एमबी जागा व्यापते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी श्रवणाच्या एका मर्यादेचा उपयोग करून घेतला. मोठ्या आवाजाच्या शेजारी असलेला क्षीण ध्वनी कानाला जाणवतच नाही. तो वगळला तरी गाणे गाणेच राहते. या पद्धतीच्या संचिकांना 1995 मध्ये एमपी-3 हे नाव मिळाले. सेकंदाला 128 किलोबिट या दराने तेच गाणे पाच एमबीहून कमी जागेत मावू लागले आणि 2 जीबीच्या, नखाएवढ्या मेमरी कार्डात सुमारे चारशे गाणी बसू लागली.

या चारशे गाण्यांनीच दुकानांचा व्यवसाय उभा केला. ‘गाणी भरून द्या’ असे म्हणून गिऱ्हाईक कार्ड पुढे करी. दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये घालून संगणकावरचे फोल्डर दाखवी : जुनी मराठी, आगरी-कोळी, हळदीची गाणी, सिंधी भजने, डीजे. निवड गाण्यागणिक क्वचितच होत असे. मोल जीबीवर ठरे. बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशाचा लोकलमधील दीड तास नेटवर्कवाचून या कार्डावर निघे. मात्र बहुतेक संचिका विनापरवाना असत. गाण्याच्या नावापुढे भलत्याच संकेतस्थळाचे नाव चिकटलेले असे आणि गीतकार-संगीतकारांची नावे पार नाहीशी झालेली असत. पैशांच्या नुकसानीइतकीच ही हानीही मोठी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अधिकृत विक्रीचे प्रयत्नही झाले. ॲपलचे आयट्यून्स भांडार अमेरिकेत एप्रिल 2003 मध्ये, तर भारतात डिसेंबर 2012 मध्ये उघडले. फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये ‘फ्लाइट’ हे भांडार सुरू केले, पण फुकट संचिकांपुढे आणि किरकोळ रकमा सुलभपणे भरण्याची सोय नसताना ते 2013 मध्येच बंद झाले. पुढे 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि श्रोते प्रवाही प्रसारणाकडे, म्हणजे स्ट्रीमिंगकडे वळले. सारेगामाने 2017 मध्ये आणलेल्या ‘कारवाँ’ या आधीच गाणी भरलेल्या यंत्राला मिळालेला प्रतिसाद पाहता, गाणे हाताशी असावे ही इच्छा मात्र संपलेली नव्हती.

गुणवत्तेच्या दृष्टीने संचिकांचे दोन मुख्य वर्ग पडतात. एमपी-3 आणि एएसी या हानियुक्त होत. वगळलेला ध्वनी त्यांतून परत मिळत नाही. 2001 मध्ये आलेली फ्लॅक ही हानिरहित असून संग्रहासाठी तीच योग्य.

संग्रहाचा मुद्दा या परिसराला विशेष लागू आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्प या निर्वासित छावणीत, म्हणजे 1949 पासून उल्हासनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत, आलेल्या सिंधी कुटुंबांनी झुलेलाल या दैवताची पंजडे ही स्तुतिगीते आणि लग्नात गायची लाडे ही गाणी सोबत आणली. या पट्ट्यातील आगरी समाजात धवलारीण, म्हणजे विधी करणारी गायिका, विवाहविधीचे धवले, म्हणजे विधिगीते, गाते. अशी मुद्रणे मोठ्या कंपन्यांच्या सूचीत थोडीच असतात, आणि करार संपताच ॲपवरून गाणे नाहीसेही होऊ शकते. विकत घेतलेली संचिका घरातच राहते.

कायदाही ध्यानात घ्यावा. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांवरील हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा अधिक सुरक्षित केला. म्हणून खरेदी करताना परवाना पाहावा, शक्य तेथे फ्लॅक घ्यावी, संचिकेत गायकासह गीतकार आणि संगीतकार यांची नावे स्वतः भरावीत आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुने मेमरी कार्ड ही त्यांपैकी एक जागा नव्हे.