दाजीपूरला तंबू ठोकायचाय? आधी हे ऐका (भागाचा लेखी मजकूर)

मी शाहूपुरीतून बोलतोय. दिवसा कोड लिहितो, सुट्टी मिळाली की जंगल गाठतो. ऑफिसातली मंडळी मला दर उन्हाळ्यात एकच विचारतात, "दाजीपूरला तंबू टाकून गवे बघायचेत, कसं करू?" आजचा भाग त्यावरच. आणि हो, माझी एक चूकही सांगणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. आपल्याजवळ दोन मोठी जंगलं आहेत. एक चांदोली, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. दुसरं राधानगरी अभयारण्य, म्हणजेच आपलं दाजीपूर. ते १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं, आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला, त्या यादीत ही दोन्ही आहेत. सीबीएसवरून निघालं की राधानगरीमार्गे दाजीपूर साधारण ८० किलोमीटर.

आता नियम. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, मग मनाला येईल तिथं तंबू ठोकणं तर लांबच. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. मुक्काम करायचा तर वनखात्याच्या सोयीत, नाहीतर हद्दीबाहेर कुणाच्या रानात, मालकाला विचारून. आत रात्र काढायची सगळ्यात चांगली संधी म्हणजे बुद्धपौर्णिमेची गणना. महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभयारण्यांत त्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर माणसं बसवतात. नाव नोंदवून आपल्यालाही बसता येतं.

ताडोबा बघून आलेले लोक इथं वैतागतात. "काहीच दिसलं नाही रे!" भावा, हे सदाहरित-निमसदाहरित जंगल आहे. दहा पावलांवर गवा उभा असला तरी पानांआड दिसायचा नाही. इथं आधी कान लावायचे. वानराचा खाकरा आला, भेकर भुंकल्यासारखं ओरडलं, तर समजायचं की कुणीतरी शिकारी फिरतोय. वर फांद्यांत खडखड झाली तर शेकरू. पंखांचा मोठा सूं-सूं आवाज आला तर धनेश. उंबर-नांद्रुकाला फळं लागली असतील तर त्या झाडाखाली गुपचूप बसा, धनेश तिथं येतोच. पण ढोलीजवळ जाऊ नका. मादीनं स्वतःला आत लिंपून घेतलेलं असतं आणि नर बाहेरून चारा भरवतो. आपल्याला बघून तो फिरकला नाही तर मादी-पिल्लं उपाशी.

गवा बघायचा तर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. दिवसभर सावलीत बसलेले कळप संध्याकाळी तिथं चरायला बाहेर पडतात. एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात, मग पाणवठ्यावर हमखास येतात.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा आतेभाऊ हद्दीबाहेर एका मामांच्या रानात तंबू टाकून होतो. शेजारी त्यांचा ऊस. रात्री अकराच्या सुमारास बांधापलीकडं फुसकारा ऐकू आला. मामा माळ्यावरून हळूच म्हणाले, "हलू नका. चरत्यात आणि जात्यात." मला मात्र फोटो हवा होता. मी टॉर्च मारला, थेट डोळ्यांवर.

कळप उधळला. जंगलाकडं नाही, उजेडापासून लांब, सरळ उसात. काडकाड आवाज करत आठ-दहा गवे पीक तुडवत गेले. एक वासरू मागं राहिलं आणि हंबरत फिरत होतं. आम्ही तिघं अंधारात पाऊण तास गप्प. आई परत आली, वासराला घेऊन गेली, तेव्हा कुठं श्वास सोडला.

सकाळी मामा मोडलेला ऊस बघत उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंचनामा होईल, भरपाई मिळंल. पण आता ह्यांना वाट म्हाईत झाली." त्यांच्या रात्रीच्या जागरणात मी भर घातली होती.

९ डिसेंबर २०२० आठवतोय? पुण्यात कोथरूडला गवा शिरला, मागं गर्दी लागली, पळून पळून दमला, शेवटी पकडला आणि मेला. मोठा नर टनभर वजनाचा असतो, पण भीतीपुढं तेवढी ताकदही पुरत नाही.

म्हणून टॉर्चवर लाल कागद लावा आणि उजेड जमिनीवर ठेवा. जेवण डब्यात बंद करा, तंबूत उघडं नको. शेकोटी नको, स्पीकर तर नकोच. गवा आडवा उभा राहून अंग दाखवायला लागला की ती धमकी समजा. पाठ न वळवता हळूहळू मागं सरा.

मी अजूनही मामांकडं जातो. त्यांच्यासोबत माळ्यावर बसतो, टॉर्च बंद ठेवून. त्या रात्रींना माझ्याकडं एकही फोटो नाही. पण गवे चरतानाचा आवाज ओळखता येतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!