खालचे वतन

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेत गजी नाचाचे ढोल वाजू लागले, म्हणजे दुरून येणाऱ्या माणसाच्या कानी प्रथम ना सनई पडते ना झांज. माणच्या उघड्याबोडक्या माळावरून सर्वांच्या आधी येऊन पोहोचतो तो ढोलाच्या थापेतला खर्ज, आणि फेर धरलेल्या धनगरांच्या हातांतले रुमाल कितीही डौलाने फिरोत, त्यांची पावले मात्र त्या खर्जाच्याच हुकमतीत पडत असतात.

रॉक वा जाझच्या मेळात हे खालचे वतन बास गिटारकडे असते. साध्या गिटारच्या चार जाड तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या अशा बहुधा चारच तारा तिला असतात. 1951 साली लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने ती बाजारात आणली, तेव्हा माणसाहून उंच अशा डबल बासचे ओझे वाहणाऱ्या वादकांची मोठीच सोय झाली. मैफलीत तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पण ती थांबली की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते.

लोकगीत आणि रॉक यांची सोयरीक जमवण्याचे प्रयोग पुष्कळ होतात आणि पुष्कळसे फसतात, त्याचे कारण माझ्या मते याच खालच्या मजल्यात आहे. वर गावाकडची चाल ठेवायची आणि खाली चार-चार मात्रांचा परका ठेका अंथरायचा, हे मुंडावळ्या बांधलेल्या नवरीला पलटणीच्या कवायतीत उभे करण्यासारखे आहे.

तत्कालीन युगोस्लाव्हियातील मॅसेडोनिया या घटक प्रजासत्ताकात, स्कोपये शहरी, 1976 साली जे चौघे एकत्र आले त्यांनी ही चूक टाळली. आपल्या मेळाला त्यांनी ‘लेब इ सोल’, म्हणजे भाकर आणि मीठ, असे नाव दिले. त्या मुलखात पाहुण्याचे स्वागत याच दोन जिनसांनी करतात. व्लात्को स्तेफानोव्स्की गिटारवर आणि बोदान आर्सोव्स्की बासवर. 1978 साली त्यांची पहिली तबकडी निघाली, आणि रॉक-जाझच्या त्या सरंजामात मॅसेडोनियन लोकगीते आपल्या मूळ मात्रा घेऊन वावरू लागली. तेथील ‘लेस्नोतो’ नामक नृत्याचा ठेका सात मात्रांचा, तीन-दोन-दोन अशा विभागणीचा. आपला रूपक तालच म्हणा ना! रूपकाची सम ‘खाली’वर येते हा आपला चमत्कारिक रिवाज तेवढा सोडून द्यावा. तेथील लग्नात वाजणारा ‘तापान’ हा ढोल एका हाती जाड दांड्याने आणि दुसऱ्या हाती बारीक छडीने बडवतात, आणि सोबतच्या दोन ‘झुर्लां’पैकी एक चाल वाजवते, तर दुसरी, आपल्या सूर धरणाऱ्या सनईवाल्याप्रमाणे, श्वास न तोडता एकच स्वर लांबवीत राहते. असे खालचे घर ज्या संगीतात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, तेथे बासवादकाला नवी जागा शोधावी लागत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ मेळातील राहुल राम यांचे. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतलेला हा गृहस्थ नर्मदा बचाव आंदोलनात दाखल झाला. त्या नदीचा थोडा काठ आपल्या नंदुरबारकडेही आहे, आणि अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीचे नाव सरदार सरोवर धरणाच्या दफ्तरात बुडिताच्या यादीत फार आधी चढले. त्या खोऱ्यातल्या माणसांकडून उचललेले नर्मदास्तुतीचे गाणे ‘मा रेवा’ या नावाने 2000 सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहात आले. राहुल राम ते बास वाजवीत स्वतःच गातात. म्हणजे गीताचे शब्द आणि त्याचा खर्ज दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात, आणि हा माणूस गाणे शिकण्यासाठी नव्हे तर भलत्याच कामाने तेथे गेलेला! या प्रयोगाचा गोडवा मला त्यातच दिसतो.

उद्या एखाद्या माणदेशी पोराने बास गिटार हाती घेतली, तर त्याला पहिला धडा म्हसवडच्या रथापुढेच गिरवावा लागेल. आणि तेथला ढोलकरी काही त्याला मात्रा मोजून दाखवणार नाही.